१२०च्या रस्त्यावर ३३५ची गाडी

३.२ सेकंद. ७८२ पीएस. ताशी ३३५ किलोमीटर.

बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी स्पीडची कुठलीही रील उघडा, पहिल्या पाच सेकंदांत हे तीन आकडे स्क्रीनवर आदळतात. मग एक्झॉस्टचा आवाज, शिवलेल्या चामड्यावरून फिरणारं बोट, दार बंद होतानाचा जड 'थप्', आणि शेवटी किंमत सांगून स्वतःच डोळे विस्फारणारा निवेदक. दीड मिनिटात गाडी संपते. आपण खाली स्क्रोल करतो.

मी जालन्यात राहतो आणि ही गाडी मी चालवलेली नाही. समीक्षेला त्याने फारसं अडत नाही. दौलताबादच्या किल्ल्यावर बोलायला तो विकत घ्यावा लागत नाही, आणि नाटकावर लिहिणाऱ्याला स्टेजवर उभं राहावं लागत नाही. गाडी हीसुद्धा कुणीतरी विचार करून रचलेली वस्तू आहे. तिच्यामागे एक परंपरा आहे, ती काहीतरी दावा करते, आणि तो दावा तपासता येतो. कंपनीने जाहीर केलेले आकडे समोर आहेत, तिची बांधणी कशी आहे हे उघड आहे, आणि तपासायला लागणारा रस्ता तर माझ्या शहराला लागूनच जातो. तो म्हणजे समृद्धी महामार्ग.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. या गाडीचा खरा विषय वेग हा नाहीच. तिचा विषय आहे थकवा. आणि एकदा ती गाडी थकव्याच्या बाजूने वाचायला लागलो, की तिच्यातल्या चांगल्या गोष्टी जास्त चांगल्या दिसतात आणि तिच्याभोवतीचं जग जास्त विचित्र.

'जीटी' ही काय भानगड आहे

जीटी म्हणजे ग्रँड टूरर. हा शब्द ज्या 'ग्रँड टूर'वरून आला, ती सतराव्या-अठराव्या शतकातली इंग्रज सरदारपुत्रांची रीत होती. शिक्षण संपत आलं की मुलगा पॅरिस, रोम, व्हेनिस असा लांबचा फेरा मारून यायचा. चित्रं बघायचा, मूर्ती विकत घ्यायचा, थोडी मजाही करायचा. पुढे मोटारी आल्यावर इटालियन लोकांनी 'ग्रान तुरिस्मो' हे नाव अशा गाड्यांना दिलं, ज्या एका दमात देश ओलांडतील आणि आतल्या माणसाला संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताजातवाना पोचवतील.

म्हणजे हा एक प्रकार आहे, जसा साहित्यात कादंबरी हा प्रकार असतो. रेसिंग कार वेगळी, लिमोझिन वेगळी. रेसिंग कारला फेरी लवकर संपवायची असते आणि लिमोझिनमध्ये मालक मागे बसतो. ग्रँड टूररमध्ये मालक स्वतः चालवतो, लांब जातो आणि सामान बरोबर नेतो. या तीन अटी पाळून जी गाडी वेगवान असेल ती जीटी.

बेंटलीने या प्रकारात आपली जागा दोनदा नक्की केली. एकदा १९३० साली. तेव्हा कंपनीचा अध्यक्ष वुल्फ बार्नाटो हा हिऱ्यांच्या खाणींच्या पैशावर वाढलेला गडी होता आणि ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला ड्रायव्हरही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कानहून कॅलेला जाणारी 'ब्ल्यू ट्रेन' ही त्या काळची सर्वांत झोकदार आगगाडी. बार्नाटोने पैज लावली, की ही गाडी कॅलेला पोचायच्या आत मी मोटारीने समुद्र ओलांडून लंडनला पोचलेलो असेन. आणि तो पोचला. रात्रभर पाऊस, धुकं, पंक्चर असं सगळं सोसून बेंटली 'स्पीड सिक्स' लंडनच्या क्लबसमोर उभी राहिली, तेव्हा ब्ल्यू ट्रेनला कॅले गाठायला चार मिनिटं बाकी होती.

दुसऱ्यांदा १९५२ साली, 'आर-टाइप कॉन्टिनेन्टल' आली तेव्हा. ॲल्युमिनियमचं हलकं, मागे निमुळतं होत जाणारं अंग आणि साडेचार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन ती ताशी १८५ किलोमीटरच्या आसपास जायची. अशा गाड्या दोनशेच्या जवळपासच बनल्या. आजच्या कॉन्टिनेन्टलच्या मागच्या चाकावरचा जो फुगीर खांदा आपल्याला रीलमध्ये दिसतो, तो तिथून आलेला आहे.

बार्नाटोच्या गोष्टीत मला एक बारकावा महत्त्वाचा वाटतो. त्याची स्पर्धा दुसऱ्या मोटारीशी नव्हती. ती आगगाडीशी होती, म्हणजे लांबच्या प्रवासाच्या सर्वांत आरामशीर साधनाशी. ग्रँड टूररचा जन्मजात प्रतिस्पर्धी रेल्वेचा झोपायचा डबा आहे. ३० डिसेंबर २०२३ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली (पुढे ती नांदेडपर्यंत वाढली), तेव्हापासून हा सामना आपल्याकडेही लावता येतो. वंदे भारतला मुंबई गाठायला सात तासांच्या आतबाहेर लागतात. मोटार तिच्या आधी पोचेल यात शंका नाही. पण उतरल्यावर कोण जास्त ताजं असेल? जीटीची परीक्षा या प्रश्नावर आहे.

समृद्धीवरचा हिशोब

आता ते तीन आकडे रस्त्यावर उतरवू.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जोडला गेला. रस्त्याची आखणी ताशी १५० किलोमीटर वेग धरून केलेली आहे, पण मोटारींना कायद्याने परवानगी आहे सपाटीवर १२०ची आणि घाटात १००ची.

समजा, जालन्याहून मुंबईच्या दिशेने ३०० किलोमीटर जायचंय. १२०च्या वेगाने अडीच तास लागतात. ७८२ पीएसच्या बेंटलीला अडीच तास आणि सेकंड-हँड बाजारातून घेतलेल्या हॅचबॅकलाही अडीच तास. रीलमधल्या त्या तीन आकड्यांनी तुमचं एक मिनिटही वाचत नाही. टोलनाक्यावरून सुटल्यावर १००चा वेग गाठताना काही सेकंद वाचतील. पुढच्या टोलच्या रांगेत ते परत जातील.

कुणी म्हणेल, नियम कोण पाळतं? मग भौतिकशास्त्राकडे जाऊ, ते चलान फाडत नाही पण सूटही देत नाही. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ताशी ३३५ म्हणजे सेकंदाला ९३ मीटर; डोळ्याची पापणी लवून परत उघडेपर्यंत तुम्ही पाच-सहा मजली इमारतीच्या उंचीहून जास्त अंतर आंधळेपणाने कापलेलं असतं. गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १२०च्या तुलनेत ३३५ला ती जवळजवळ आठपट होते. आणि ही गाडी आहे २,४५९ किलोची, म्हणजे लहान हॅचबॅकच्या अडीचपटीहून जड. एवढी ऊर्जा थांबवण्यासाठी कंपनीने प्रचंड ब्रेक दिलेत हे खरं. पण कंपाउंडखालून शिरलेलं कुत्रं किंवा रानडुक्कर समोर आलं तर तो हिशोब कुणाच्याच हातात राहत नाही.

थोडक्यात, ३३५ हा आकडा जर्मनीच्या ऑटोबानवरच्या काही मोकळ्या तुकड्यांसाठी आहे. आपल्याकडे तो दागिन्यासारखा असतो. अंगावर असतो, कामाला येत नाही. समीक्षक म्हणून माझी तक्रार गाडीपेक्षा तिच्या रिव्ह्यूंवर जास्त आहे. ज्या गोष्टीसाठी ही गाडी बनली, ती सोडून ते दागिना मोजत बसतात. आणि अठरा-वीस वर्षांची मुलं तो आकडा डोक्यात घेऊन मित्राच्या गाडीत बसून समृद्धीवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढतात. काटा १६०वर, फोन हातात, मागे गाणं.

थकवा घालवायचं यंत्र

मग या गाडीत बघायचं काय?

पहिली गोष्ट, टॉर्क. हा शब्द जालन्यात समजावून सांगावा लागत नाही, कारण घरोघरी ट्रॅक्टर आहेत. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर साधारण दोनशे न्यूटन-मीटर टॉर्क देतो आणि तेवढ्यावर नांगर ओढतो. या बेंटलीत १,००० न्यूटन-मीटर आहेत. त्याचा अर्थ 'पाठ सीटला चिकटते' एवढाच घेतला जातो. पण लांबच्या प्रवासात त्याचा अर्थ उलटा आहे. ट्रकला ओव्हरटेक करताना गाडीला ओरडावं लागत नाही, गियर सतत बदलावे लागत नाहीत, इंजिन निवांत फिरत राहतं. ताकद एवढी जास्त, की ती वापरायची वेळच येत नाही. आपल्या हॅचबॅकमध्ये चढावर एसी बंद करून ओव्हरटेक करणाऱ्याला या निवांतपणाची किंमत बरोबर कळेल.

दुसरी, सस्पेन्शन. जालन्याच्या सळईचं उदाहरण घेतो. आपल्या मिलमध्ये लालबुंद सळई रोलिंगमधून बाहेर आली की तिच्यावर पाण्याचा मारा होतो. बाहेरचा थर झटकन थंड होऊन कडक होतो, आतला गाभा सावकाश थंड होतो आणि लवचीक राहतो. म्हणून टीएमटी सळई भार घेते आणि भूकंपात वाकते, पण मोडत नाही. एकाच वस्तूत कडकपणा आणि मऊपणा बसवणं हे अवघड काम आहे. बेंटलीला तेच जमवावं लागतं. वळणावर अडीच टनांची गाडी झुकायला नको आणि सरळ रस्त्यावर काँक्रीटच्या जोडांचे धक्के मणक्यापर्यंत यायला नकोत. त्यासाठी हवेच्या स्प्रिंग आहेत आणि ४८ व्होल्टवर चालणाऱ्या मोटारी आहेत. या मोटारी वळणावर गाडी सरळ धरतात आणि सरळ रस्त्यावर चाकांना सैल सोडतात. समृद्धीच्या काँक्रीटवर तासन्‌तास जो 'धप्-धप्' ताल चालतो, तो अंगात जिरून माणूस आंबतो. तो ताल मधेच शोषून घेणं ही या गाडीची सर्वांत मोठी करामत, आणि ती कुठल्याच रीलमध्ये दिसू शकत नाही. कारण न बसलेल्या धक्क्याचा व्हिडिओ कसा काढणार?

तिसरी, शांतता. या पिढीत चार लिटरच्या व्ही८ इंजिनाला इलेक्ट्रिक मोटार जोडलेली आहे. २५.९ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे आणि कागदावर ८१ किलोमीटर ही गाडी नुसत्या विजेवर जाते, तेही ताशी १४०पर्यंत. जालना ते छत्रपती संभाजीनगर अंतर साठेक किलोमीटर. म्हणजे तत्त्वतः जालन्यातून निघून संभाजीनगरला पोचेपर्यंत ही ७८२ पीएसची गाडी इंजिन सुरूच करणार नाही. याआधीची तिची ओळख होती सहा लिटरचं, बारा सिलिंडरचं डब्ल्यू१२ इंजिन. ते २००३पासून या गाडीत होतं आणि २०२४ साली त्याचं उत्पादन थांबलं. जुने शौकीन त्यासाठी हळहळतात. मला मात्र वाटतं, की लांबच्या प्रवासाच्या गाडीला शांत मोटार जास्त शोभते.

चौथी, डॅशबोर्डवरचा फिरता पडदा. १२.३ इंचांची टचस्क्रीन बटण दाबलं की उलटते. तिच्या एका बाजूला तीन काटेवाली घड्याळं आहेत, बाहेरचं तापमान, होकायंत्र आणि स्टॉपवॉच. तिसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं लाकूड. रील बनवणारे ही गंमत म्हणून दाखवतात आणि ती गंमत आहेच. पण त्यात एक शहाणपणही आहे. कोट्यवधी रुपये घेणाऱ्या कंपनीने कबूल केलंय, की लांबच्या प्रवासात माणसाला कधी कधी स्क्रीन नको असते. हे आपल्याला फुकटात जमण्यासारखं आहे, तरी जमत नाही.

उण्या बाजूही आहेत. मागच्या दोन सीट नावाला आहेत. तिथे प्रौढ माणसाला बसवून मुंबई गाठणं म्हणजे शिक्षा. १९५२च्या पूर्वजाने चार माणसांचा मान राखला होता, हिने दोघांचा राखलाय. दुसरं, वजन. बॅटरीमुळे ही पिढी आधीच्या पिढीपेक्षा आणखी जड झाली. आधी वजन वाढवायचं, मग ते लपवायला मागची चाकंही वळवायची, झुकाव रोखणाऱ्या मोटारी लावायच्या, ब्रेक मोठे करायचे. एका अडचणीवर दुसरा उपाय आणि त्या उपायाचं पुन्हा वजन. हे अभियांत्रिकीचं वैभव आहे तसंच तिचं व्यसनही. हलकेपणातून येणारा आराम इथे कुणी शोधलेलाच नाही.

ब्रिटिश म्हणजे नेमकं कुणाचं?

बेंटली क्रू या गावात बनते. तो कारखाना १९३८ साली विमानाची 'मर्लिन' इंजिनं बनवायला उभा राहिला; मोटारी तिथे युद्धानंतर आल्या. पण १९९८पासून मालक आहे जर्मनीची फोक्सवॅगन, आणि या गाडीच्या हाडांचा सांगाडा पोर्शच्या घरातला आहे. दुसरीकडे जॅग्वार हे तितकंच ब्रिटिश नाव २००८पासून टाटांकडे, म्हणजे मुंबईकडे आहे. डिसेंबर २०२४मध्ये जॅग्वारने 'टाइप ०० ' ही संकल्पना-गाडी दाखवली आणि पुढची गाडी चार दारांची इलेक्ट्रिक जीटी असेल असं सांगितलं, तेव्हा इंग्लंडमध्ये जो गदारोळ झाला तो एका अर्थी मुंबईच्या मालकीच्या कंपनीवरचा गदारोळ होता.

तेव्हा 'ब्रिटिश' ही आता मालकी उरलेली नाही, ती शैली आहे. लाकूड, चामडं, कमी आवाजात बोलणं, आणि पैसा आहे पण आम्ही तो मिरवत नाही असा आव. २४ जुलै २०२५ला भारत–ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. १०० टक्क्यांच्या वर असलेलं मोटारींवरचं आयात शुल्क ठरावीक कोट्यात, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचं त्यात ठरलंय. त्यामुळे अशा गाड्या पुढच्या काही वर्षांत आपल्या भागातही थोड्या जास्त दिसतील. म्हणून त्यांच्याकडे कसं बघायचं हा प्रश्न आत्ताच सोडवलेला बरा.

मिरवायची गाडी, फिरायची गाडी

कारण गाडीकडे बघायची आपल्या भागाची एक जुनी सवय आहे. १९४८पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं. सहाव्या निजामाने, महबूब अली खान यांनी, रोल्स-रॉइसची पिवळी 'सिल्व्हर घोस्ट' मागवली होती, जिच्यात मागे सिंहासनासारखी बैठक आहे. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती आजही उभी आहे. शंभराहून जास्त वर्षांत ती चालली ती शेकड्यांत मोजावेत एवढेच मैल. ती वाहन नव्हतीच, चाकं लावलेला दरबार होता.

मग ऑक्टोबर २०१०. तेव्हाच्या औरंगाबादेत व्यावसायिकांनी मिळून एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, किंमत साधारण ६५ कोटी. मराठवाडाही श्रीमंत आहे हे जगाला दाखवायचं, असा त्यामागचा विचार होता. देशभर बातमी झाली. पी. साईनाथ यांनी मात्र त्या बातमीच्या पोटातली दुसरी बातमी काढली. या गाड्यांना सरकारी बँकेचं कर्ज मिळालं सात टक्क्यांनी, आणि त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरचं कर्ज होतं बारा टक्क्यांनी. मी वाचलेली ती सर्वांत चांगली मोटार-समीक्षा आहे, आणि तिच्यात हॉर्सपॉवरचा उल्लेख नाही.

'जालना, सोने का पालना' असं आपल्याकडे म्हणतात. पाळण्यातल्यांना गाडी मिरवायला आवडते याबद्दल माझी तक्रार नाही. प्रत्येक शहराला थोडी मिरवणूक लागतेच. तक्रार ही, की मिरवण्याच्या नादात प्रवासाचा विचार राहून जातो. चौकात उभी केलेली जीटी ही न वाचता कपाटात ठेवलेल्या कादंबरीसारखी आहे.

आपल्याकडचा ग्रँड टूरर

जीटीच्या तीन अटी आठवा. स्वतः चालवायची, लांब जायचं, सामान बरोबर न्यायचं. या तिन्ही अटी जालन्यात रोज पाळणारं वाहन आहे, सळई भरलेला ट्रक. एमआयडीसीतून संध्याकाळी निघतो आणि रात्रभर चालतो. कधी सळई, कधी मोसंबी, कधी बियाणं. त्याच्या केबिनमध्ये इंजिनाची धग पायाशी येते, पाठीला पातळ गादी असते, खिडकीला वाळत घातलेला ओला पंचा असतो. एका धाब्यावर एका ड्रायव्हरला मी विचारलं, नव्या रस्त्याने बरं झालं ना? तो म्हणाला, "रस्ता लोण्यासारखा आहे भाऊ. गाडीचं काई नाई, डोळ्याचं भ्याव वाटतं. जुन्या रस्त्यावर खड्डे तरी जागं ठेवायचे."

हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि लक्ष गुंगून जातं. याला महामार्ग-संमोहन म्हणतात, आणि समृद्धीच्या संदर्भात त्याची चर्चा पहिल्या वर्षापासून सुरू आहे. १ जुलै २०२३च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाजवळ दुभाजकावर आदळून उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. त्या अपघाताचा निवाडा मी इथे करत नाही. पण रात्रीच्या वाहनात झोपलेल्या सगळ्यांचा जीव समोरच्या एका माणसाच्या जागेपणावर टांगलेला असतो, हे त्या रात्रीनंतर या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१चा होता, २०२५पर्यंत लागू. तो दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा सांगायचा. कुठल्याही धाब्यावर बसून विचारा, हे तास कोण मोजतं.

म्हणजे थकवा घालवायचं शास्त्र जगात आहे. सीट कशी असावी, आवाज किती असावा, धक्का कुठे जिरवावा हे सगळं माणसाला माहीत आहे, आणि बेंटली त्याचा जिवंत पुरावा आहे. फक्त ते शास्त्र अशा माणसाला मिळतं ज्याला थकल्यावर थांबायची मुभा आहे, हॉटेलात खोली घ्यायची ऐपत आहे, आणि वाटलंच तर ड्रायव्हर ठेवायची सोय आहे. ज्याला थांबायची मुभा नाही, त्याच्याकडे ओला पंचा.

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. बेंटलीच्या समीक्षेत ट्रक कशाला? गाडी बनवणाऱ्याने जगाचा ठेका घेतलाय का? नाही घेतला. पण महागड्या गाडीचं समर्थन करणारे एक युक्तिवाद नेहमी करतात, आणि तो खरा आहे. आज जे श्रीमंतांच्या गाडीत आहे ते उद्या सगळ्यांच्या गाडीत येतं. एबीएस ब्रेक १९७८ला मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले आणि २०१९पासून भारतातल्या प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचे झाले. तेव्हा माझा प्रश्न एवढाच, की हा 'उद्या' किती लांबचा? अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने मोटारीत एसी द्यायला सुरुवात केली १९४०च्या सुमारास. भारतात नव्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक झाला २०२५ साली. पंच्याऐंशी वर्षं. शून्य ते शंभर ३.२ सेकंदात जाणाऱ्या उद्योगाचा हाही एक वेग आहे, आणि तो कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेला नाही.

तर निकाल काय? कॉन्टिनेन्टल जीटी स्पीड ही मला दर्जेदार गाडी वाटते, तिच्या आकड्यांमुळे नव्हे तर त्या आकड्यांच्या आड तिने जपलेल्या कळकळीमुळे. चारशे किलोमीटर गेल्यावर माणसाच्या पाठीचं, कानाचं आणि डोळ्यांचं काय होतं, याचा एवढा बारीक विचार फार थोड्या वस्तूंमध्ये केलेला दिसतो. मागच्या सीटसाठी आणि वजनासाठी गुण कापतो. ३३५साठी एकही गुण देत नाही.

आणि पुढच्या वेळी नव्या गाडीची रील समोर आली, मग ती बेंटली असो, सेकंड-हँड डिझायर असो की ट्रक, तर खाली कॉमेंटमध्ये टॉप स्पीड विचारू नका. विचारा, ही चालवून उतरल्यावर कंबर दुखते का.